आठ पानांचं कॉमिक स्वतःच छापायचंय, कसं करू?

तांबडी_माती: नमस्कार मंडळी. मी कोल्हापूरच्या मंगळवार पेठेतला, चित्रकलेच्या शेवटच्या वर्षाला आहे. आमच्या तालमीच्या वस्तादांवर आठ पानांची चित्रकथा केलीय. पहाटे उठून ते आखाड्याच्या मातीत ताक, तेल, हळद, लिंबू घालून माती मळतात, एवढंच आहे त्यात. एका प्रकाशकाला दाखवली, तर म्हणाले पाचशे प्रतींचा खर्च तुम्ही करा. तेवढे पैसे नाहीत. झेरॉक्स काढून वाटली तर कोण पुस्तक म्हणेल का त्याला?

रेघोट्या: म्हणतील की! अमेरिकेत याला मिनीकॉमिक म्हणतात. तिथं जॉन पोर्सेलिनो १९८९ पासून 'किंग-कॅट' हा आपला अंक स्वतःच काढतोय. छोट्या, स्वतंत्र कॉमिक्ससाठी तिथं इग्नॅट्झ पुरस्कार देतात, त्यांत १९९७ पासून मिनीकॉमिकसाठी वेगळा पुरस्कार आहे. ही मंडळी एकमेकांना पोस्टानं अंक पाठवायची आणि पैशाऐवजी समोरच्याचा अंक मागून घ्यायची. मला यातलं हेच सगळ्यात मोलाचं वाटतं. तुझा वाचक स्वतः चित्र काढणारा असला, की तू एखादी चौकट रिकामी का सोडलीस ते त्याला सांगावं लागत नाही. आपल्याकडं अनियतकालिकंही, म्हणजे ठरलेल्या तारखेशिवाय निघणारे छोटे साहित्यिक अंक, अशीच पदरमोड करून निघाली. त्यामुळं प्रकाशकाची वाट बघू नकोस.

आता काढायचं कसं. एक ए-फोर कागद घे, घड्या घालून आठ भाग कर, आडवा धरून मधल्या दोन भागांपुरताच मधोमध काप आणि दुमड. पिन लागत नाही, छपाईही एकाच बाजूला. आधी कोऱ्या कागदाची अशी डमी कर, पेन्सिलीनं पानांचे आकडे घाल आणि परत उलगड. वरची ओळ उलटी का येते ते तिथंच दिसेल. पान मात्र ७४ बाय १०५ मिलिमीटरचंच होतं, त्यात मातीचा पोत मावेल असं वाटत नाही. तुझ्या गोष्टीला मी ए-फाइव्हच करीन: दोन ए-फोर कागद, दोन्ही बाजूंनी छपाई, मधे दुमडून सेंटर पिन. आठ पानं बरोबर बसतात. पेन्सिलीच्या छटा झेरॉक्सला डागाळतात, माती शाईच्या ठिपक्यांनी दाखव.

डीटीपीवाला: ताईंशी सहमत. एक भर घालतो. मूळ चित्र ए-थ्रीवर असेल, तर ए-फाइव्हला ते लांबी-रुंदीत निम्मं होतं. अक्षर त्याच हिशेबानं मोठं काढ भावा. इंग्रजी अक्षर निम्मं केलं तरी चालून जातं, आपले रफार आणि अनुस्वार शाईनं भरून जातात. 'वस्ताद'मधला स्त जाड निबनं काढलास तर ठिपकाच होईल. आणि कडेनं पाच मिलिमीटर कोरी सोड, मशीन कडेपर्यंत छापत नाही.

तांबडी_माती: लई भारी, दोघांचेही आभार. ए-फाइव्हच करतो. किंमत किती ठेवू? फुकट दिलं तर बरं, असं मित्र म्हणतात.

रेघोट्या: फुकट नको. कागद, छपाई, पिन यांचा खर्च निघेल एवढी ठेव, आणि जो स्वतःचं काही काढून आणेल त्याच्याकडून ते घे. पहिल्यांदा पंचवीस-तीसच काढ, संपल्या की परत काढता येतात. शाहू स्मारकला चित्रप्रदर्शन असेल तेव्हा तिथं येणाऱ्यांच्या हातात दे. तिथं आलेला माणूस चित्र बघायच्याच तयारीनं आलेला असतो.

तांबडी_माती: वस्तादांचं खरं नाव घालू का?

रेघोट्या: त्यांना विचारल्याशिवाय नको. डमी घेऊन जा, त्यांच्यासमोर बसून पानं उलटू दे. माती मळताना हात कसा पडतो हे तुझ्यापेक्षा त्यांना जास्त कळतं. काही चुकलं असेल तर ते सांगतील, मग छापायला दे.