जिनिंगच्या मजुरांचा अपघात विमा: ईएसआय की पॉलिसी? खर्च कसा बसतो?

कापूसवाला_राळेगाव

नमस्कार मंडळी. राळेगावच्या बाजूला आमची जिनिंग आहे. चोवीस डबल रोलर रेचे (कापसातून सरकी वेगळी करायची यंत्रं) आणि गठाणी बांधायचा एक प्रेस. दादा आणि मी मिळून चालवतो. दसऱ्यानंतर कापूस यायला लागला की सुरू, गुढीपाडव्याच्या मागेपुढे बंद. हंगामात तीसेक माणसं असतात. रेच्यावर कापूस टाकणाऱ्या आणि ढिगावरच्या बाया, दोन फिटर, प्रेसवाले, आणि मुकादमाकडून येणारे हमाल. काही कुटुंबं मेळघाटातून येतात आणि आवारातच राहतात.

मागच्या हंगामात शेजारच्या तालुक्यात एका जिनिंगमध्ये एका बाईचा हात गेला. तेव्हापासून आई रोज विचारते, आपल्याकडे असं झालं तर त्या माणसाचं काय? मी चौकशी करतोय, पण तिघं तीन गोष्टी सांगतात. तालुक्याचा सल्लागार म्हणतो ईएसआयची (सरकारी कर्मचारी राज्य विमा) नोंदणी करा, नाहीतर नोटीस येईल. विमा एजंटने तीस माणसं, सरासरी 12,000 पगार, सहा महिने असं धरून जीएसटीसकट 45,000 च्या घरात पॉलिसी सांगितली. आणि ओळखीचे एक जिनिंगवाले म्हणतात, सगळ्यांची बँकेत 20 रुपयांची पंतप्रधान सुरक्षा विमा योजना आहेच, वेगळं काही करायची गरज नाही.

दादाचं म्हणणं आहे की सरकीचा भाव पडलेला असताना हा बोजा कशाला, निदान अर्धा हप्ता मजुरीतून कापू. मला ते पटत नाही, पण कायद्याने चालतं का तेही माहीत नाही. हमालांची जबाबदारी मुकादमाची की आमची, हेही सांगा.

---

डाळमिल_अकोला

आमच्याकडे ईएसआय आहे, त्याचा हिशेब सांगतो. 1 जुलै 2019 पासून मालकाचा वाटा 3.25 टक्के आणि कामगाराचा 0.75. 12,000 पगारावर आपले 390 आणि त्याचे 90. पुढच्या महिन्याच्या 15 तारखेच्या आत भरायचे. उशीर झाला तर 12 टक्के व्याज, नुकसानीची आकारणी वेगळी. दहा माणसं झाली की लागू, आणि 21,000 पर्यंत पगार असलेला प्रत्येकजण त्यात येतो.

पैसे जातात हे खरं. पण आमच्या एका माणसाचा पाय मोडला तेव्हा काम बंद असलेल्या दिवसांचा नव्वद टक्के पगार त्याला तिकडूनच मिळाला. मला पदरचं काही द्यावं लागलं नाही, आणि घरी त्याची चूल पेटती राहिली. मी तर म्हणेन ईएसआयच घ्या.

---

जुना_मुनीम_हिंगणघाट

राळेगावकर भाऊ, तुमच्या आईचा प्रश्न सगळ्यात बरोबर आहे. तिथूनच सुरुवात करू.

अकोल्याच्या भाऊंनी सांगितलेलं डाळमिलसाठी अचूक आहे, पण जिनिंगला ते लागू पडत नाही. 1948 च्या ईएसआय कायद्यातून हंगामी कारखाने वगळलेले आहेत आणि हंगामी कारखान्याच्या व्याख्येत पहिलंच नाव कापसाच्या जिनिंगचं आहे. पाठोपाठ कापसाचं प्रेसिंग. गूळ, साखर, शेंगदाणा फोडणंही त्यातच. 21 नोव्हेंबर 2025 पासून सामाजिक सुरक्षा संहिता हा नवा कायदा लागू झाला, तिच्यातही ही सूट कायम आहे. म्हणजे फक्त जिनिंग-प्रेसिंग करत असाल तर सल्लागार सांगतो तशी ईएसआयची सक्ती तुमच्यावर नाही.

पण ईएसआय नाही म्हणजे मालक मोकळा, असा अर्थ आपल्या भागात सर्रास काढला जातो. माझी अर्धी नोकरी ही समजूत खोडण्यात गेली. ईएसआय असतं तेव्हा अपघाताची भरपाई ईएसआयचं महामंडळ देतं. ते नसतं तेव्हा ती थेट मालकाच्या अंगावर येते. 1923 चा नुकसानभरपाई कायदा त्यासाठीच होता, आता तो संहितेत सामावला आहे आणि हिशेबाचं सूत्र तेच राहिलं आहे.

सूत्र असं. मृत्यू झाला तर महिन्याच्या पगाराचे 50 टक्के गुणिले वयाचा गुणक. कायमचं पूर्ण अपंगत्व आलं तर 60 टक्के गुणिले तोच गुणक. वय कमी तितका गुणक मोठा. तिशीला 207.98, पस्तिशीला 197.06, चाळिशीला 184.17. पगार कितीही असो, हिशेबात धरायची कमाल मर्यादा 3 जानेवारी 2020 पासून 15,000 आहे, त्याआधी ती 8,000 होती. थोडं अपंगत्व आलं तर कोणत्या अवयवाला किती टक्के ते परिशिष्टात ठरलेलं आहे. एक अंगठा गेला तर 30, एका हाताची चारही बोटं गेली तर 50, पंजाच गेला तर 60.

आता तुमच्याच आकड्यांवर मांडतो. पस्तीस वर्षांची बाई, पगार 12,000, रोलरमध्ये हात जाऊन चार बोटं तुटली. 12,000 चे 60 टक्के म्हणजे 7,200. त्याला 197.06 ने गुणलं की 14,18,832. त्याचे 50 टक्के म्हणजे 7,09,416 रुपये. दवाखान्याचा प्रत्यक्ष खर्च यात धरलेला नाही, तोही मालकानेच द्यायचा असतो. तीस वर्षांचा माणूस दगावला तर 6,000 गुणिले 207.98, म्हणजे 12,47,880.

त्याच्यासमोर तुमचा 45,000 चा हप्ता ठेवा. तीस माणसं आणि सहा महिने म्हणजे माणशी महिन्याला 250, रोजचे दहा रुपयेही नाहीत. तुमच्या रेच्यांवर हंगामात नऊ हजार गठाणी निघत असतील तर गठाणीमागे पाच रुपये पडतात. 170 किलोच्या गठाणीला पाच रुपये! दादांना सरकीचा भाव सांगू द्या, तुम्ही त्यांना हा आकडा सांगा.

मजुरीतून कापायचा विचार मात्र सोडून द्या. ईएसआयमध्ये कामगाराचा वाटा कायद्यानेच ठरवून दिलाय. इथे तसं काही नाही. जबाबदारी पूर्ण मालकाची आहे, तिचा हप्ता मजुराच्या खिशातून घेता येत नाही.

20 रुपयांच्या योजनेबद्दल. ती चांगली आहे, प्रत्येकाची असावीच. पण ती त्या माणसाने त्याच्या खात्यातून घेतलेली असते. मृत्यूला दोन लाख, एक डोळा किंवा एक हात गेला तर एक लाख. त्यामुळे तुमच्या देण्यातला एक रुपयाही कमी होत नाही. बोटं गेली तर त्या योजनेत काही मिळेलच असंही नाही. गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात योजनेचंही तसंच. मजूर घरचा शेतकरी असेल तर त्याला ती स्वतंत्र मिळेल.

आता खरा खर्च कुठे लपलाय ते सांगतो, कारण एजंट हे बोलणार नाही. मी एका जिनिंगचं काम पाहत होतो, तिथे पंधरा माणसांची पॉलिसी होती आणि कामावर चोवीस. पगारही पॉलिसीत कमी दाखवलेला. हप्त्यात थोडे हजार वाचले. मग पट्ट्याच्या शाफ्टला एका बाईचा पदर अडकून हात ओढला गेला. मालकाने चांगल्या मनाने तिला नागपूरला नेलं, बिल भरलं, हातात 50,000 ठेवले आणि 'माझी काही तक्रार नाही' असा कागद अंगठ्यासह करून घेतला. त्या कागदाला शून्य किंमत. मजुराने भरपाईचा हक्क सोडला असं लिहून घेतलं तरी कायदा ते मानत नाही, तडजोड करायची तर भरपाई ठरवणाऱ्या सरकारी अधिकाऱ्याकडे (जुन्या कायद्यातले आयुक्त) नोंदवावी लागते. ती बाई वर्षभराने दाव्यात गेली, तो तिचा हक्कच होता. विमा कंपनीने वाद घातला की या बाईचं नाव आमच्या माणसांत धरलेलंच नाही. देणं ठरलं, आणि ते अपघाताच्या तारखेपासूनच्या व्याजासकट. महिन्याभरात भरपाई दिली नाही तर 12 टक्के व्याज, आणि सबळ कारण नसेल तर वरून पन्नास टक्क्यांपर्यंत दंड. दंड विमा कंपनी देत नाही, बऱ्याच पॉलिसींत व्याजही वगळलेलं असतं. तो सगळा भार मालकाच्या घरावर आला. आणि त्या बाईला पैसे मिळेपर्यंत तिच्या मुलीची शाळा सुटली होती. ते मला आजही खुपतं.

म्हणून हप्त्यावर घासाघीस करण्यापेक्षा पॉलिसीत काय आहे ते बघा. माणसांची खरी संख्या आणि खरा पगार लिहा. हंगाम संपल्यावर प्रत्यक्ष पगाराचा हिशेब देऊन फरक भरता किंवा परत घेता येतो, त्यामुळे सुरुवातीला कमी दाखवून काहीच साधत नाही. दवाखान्याच्या खर्चाचं संरक्षण वेगळं मागून घ्या, नुसत्या पॉलिसीत ते नसतं किंवा फार थोडं असतं. ठेक्यावरच्या माणसांचं कलम घाला. 1923 च्या कायद्यासोबत नव्या संहितेचाही उल्लेख आहे का ते तपासा, कारण संहितेत घरून कामावर येताजाताना झालेल्या अपघाताचाही विचार आहे.

हमालांचं उत्तर यातच आलं. मुकादमाने आणलेला माणूस तुमच्या आवारात तुमच्या धंद्याचं काम करत असेल तर भरपाई तुमच्याकडे मागता येते. तुम्ही ती नंतर मुकादमाकडून वसूल करू शकता, पण मुकादमाकडे असणार काय?

'तिचीच चूक होती' हे वाक्यही विसरा. निष्काळजीपणा ही कायद्यात पळवाट नाही. माणूस प्यालेला होता, त्याने नियम जाणूनबुजून मोडला किंवा यंत्रावरचं संरक्षक गार्ड मुद्दाम काढून टाकलं, एवढीच कारणं चालतात. मृत्यू झाला किंवा कायमचं पूर्ण अपंगत्व आलं तर तीही चालत नाहीत.

---

हमाल_मुकादम_वणी

मुनीमजीनं बराबर सांगतलं. मी आमच्या बाजूनं दोन गोष्टी सांगतो.

मी तीस-चाळीस माणसं घेऊन फिरतो. गाडी खाली करनं, बोद (कापसाचे मोठे पोते) भरनं, गठान चढवनं. माह्याकडे कोनाचा विमा काढाची ताकद नाई, खरं सांगतो. माल्काकडे गेलं का थे म्हनते, तुह्ये मानसं तू पाय. मानूस पडला का मग आम्हीच वर्गनी काढतो.

अन् एक. जिनिंगवरल्या अर्ध्या बायाइचं नाव रजिस्टरात नसते. नवऱ्याचं नाव असते अन् दोघं काम करते, पगार एकाच्याच नावावर. बाईचा हात गेला का थे कुठं कामाले होती हेच सिद्ध होत नाई. पॉलिसी काढासाठी आधी नाव पायजे. पयल्या दिवशी आधार पाहून प्रत्येकाचं नाव, वय, मजुरी लिहा. वय काऊन तर मुनीमजीनं सांगतलेला गुनक वयावर हाये. मेळघाटातल्या मानसाइचं वय कोनी अंदाजानं लिहते, अन् मग भरपाईत लाखाचा फरक पडते. रातपाळीत बदली मानूस आला तं त्याचंबी नाव टाका, अपघात रातीच जास्त होते, डोये मिटते मानसाचे.

मजुराले हे सांगाबी लागते बरं का, का तुले भरपाईचा हक्क हाये म्हनून. कायद्यातच हाये थे. आजपर्यंत मले तं एकाबी माल्कानं नाई सांगतलं.

---

कापूसवाला_राळेगाव

मुनीमकाका, मुकादमभाऊ, फार मोलाचं सांगितलंत. दादाला गठाणीमागे पाच रुपयांचा हिशेब दाखवला. आधी पटेना, मग स्वतः बसून 7,09,416 चा गुणाकार दोनदा केला आणि म्हणाला, काढ पॉलिसी. हमाल धरून.

रजिस्टरचं खरं आहे. आमच्याकडेही जोडप्यांत एकाच नावाने पगार जातो. यंदा बायांची नावं वेगळी, पैसेही त्यांच्या हातात.

एक राहिलं. पुढच्या वर्षी सरकीचं तेल काढायला एक्सपेलर बसवायचा विचार आहे, त्याच आवारात. त्याने ईएसआयच्या सुटीवर काही फरक पडेल का?

---

जुना_मुनीम_हिंगणघाट

पडू शकतो, आणि हे आत्ताच विचारलंत ते बरं केलंत. सूट 'केवळ' जिनिंग-प्रेसिंग करणाऱ्या कारखान्याला आहे. तेल काढणं त्या यादीत नाही. एकाच आवारात, एकाच नावाने, तीच माणसं दिवसा रेच्यावर आणि रात्री घाणीवर असतील तर सगळा कारखानाच हंगामी राहिला नाही असं म्हणता येईल. मग 3.25 टक्क्यांचा हिशेब सगळ्यांवर लागतो. तुमच्या तीस माणसांच्या सहा महिन्यांच्या 21,60,000 पगारावर तो 70,200 होतो, शिवाय तेलघाणी वर्षभर चालली तर वर्षाचा.

नुसता आकडा पाहून घाबरू नका. ईएसआय लागलं तर त्या माणसांच्या अपघाताचं ओझं महामंडळाकडे जातं, आणि दवाखाना घरच्यांसकट मिळतो. फक्त राळेगावहून त्यांचा जवळचा दवाखाना कोणता, गंभीर रुग्णाला नागपूरला न्यावं लागेल का, हे ईएसआयच्या कार्यालयातून लेखी विचारून घ्या. एक्सपेलरची ऑर्डर देण्याआधी. दोन्हीकडे पैसे भरायची वेळ येऊ नये म्हणून एजंटलाही तेव्हाच कळवा, ज्यांना ईएसआय लागेल ती माणसं पॉलिसीतून कमी करता येतात.

आणि मुकादम म्हणाले त्या रातपाळीवर माझंही म्हणणं आहे. रोलरचं गार्ड आणि पट्ट्यावरची जाळी हंगाम सुरू व्हायच्या आधी फिटरकडून बसवून घ्या, फोटो काढून तारखेसह ठेवा. रेच्यात कापूस अडकला की यंत्र बंद केल्याशिवाय हात घालायचा नाही, हे बायांना त्यांच्या बोलीत सांगा. मेळघाटच्या बाया कोरकू बोलतात, तर त्यांच्यातल्याच एकीला सांगायला लावा.