टॉवेलच्या ऑर्डर-फाइलला एकटा एक्सएसडी पुरतो का? (सोलापूरच्या तीन भागांतल्या तिघांची चर्चा)

होटगी रोड
परदेशी खरेदीदारांच्या एक्सएमएल (टॅग लावून लिहिलेल्या) ऑर्डरी तपासायला एक्सएसडी १.० (फाइलची रचना आणि मजकुराचे प्रकार ठरवणारी नियमावली) पुरेसा आहे, असं माझं ठाम मत. टॅगांचा क्रम, पूर्णांक नग, तारीख, आकारांची ठरलेली यादी, सगळं पकडतो. डीटीडी या जुन्या नियमावलीला टॅगमधला नग आकडा आहे की मजकूर, तेही कळत नाही. उरलेला हिशेब प्रोग्रॅममध्ये करा, स्कीमाट्रॉनची (आकड्यांमधले संबंध तपासणाऱ्या नियमांची) वेगळी फाइल कशाला?

अक्कलकोट रोड
मालक, तो उरलेला हिशेबच महाग पडतो. ७०×१४० सेंमीचा टॉवेल, ५०० जीएसएम (चौरस मीटरला ५०० ग्रॅम): ०.९८ चौरस मीटर, म्हणजे ४९० ग्रॅम. हजार नगांचे ४९० किलो. फाइलमध्ये ९४० पडले तरी एक्सएसडी पास करणार, कारण ९४० हाही आकडाच! एक्सएसडीतल्या की-कीरेफ या जुळवणीच्या सोयीने फार तर कोड यादीत आहे का ते कळतं, गुणाकार जमत नाही. स्कीमाट्रॉनमध्ये एक असर्ट (खरी ठरायलाच हवी अशी अट) लिहा: फरक ५ टक्क्यांवर गेला तर नाकारा, आणि कारण साध्या भाषेत द्या. नियम प्रोग्रॅममध्ये दडला तर खरेदीदाराला फाइल आधी तपासून पाठवता येत नाही. माझा खरा आक्षेप हाच आहे.

होटगी रोड
मग २०१२ चा एक्सएसडी १.१ घ्या, त्यात असर्ट आहे. स्कीमाट्रॉनमध्ये नेमस्पेस (टॅग कोणत्या गटातले ते सांगणारं नाव) जाहीर करायची राहिली तर नियम कशालाच लागत नाही आणि फाइल बिनबोभाट पास होते. हे जास्त घातक.

अक्कलकोट रोड
एक्सएमएललिंट हे फाइल तपासायचं साधन १.१ चालवत नाही. शिवाय १.१ च्या असर्टला स्वतःचं एलिमेंट (टॅगचा भाग) आणि त्याच्या पोटातलंच दिसतं, वरच्या हेडरमधलं नाही. नेमस्पेसचा धोका मान्य. म्हणून मुद्दाम चुकवलेली एक फाइल जवळ ठेवायची आणि नियम बदलला की ती नाकारली जाते का बघायचं.

सात रस्ता
अंकांचं कोणीच बोललं नाही. पिनकोडला बॅकस्लॅश-डी (अंकाची खूण) सहा वेळा असा पॅटर्न, म्हणजे अक्षरांचा साचा, दिला तर देवनागरी ४१३००१ सुद्धा पास होतो. एक्सएसडीत त्याचा अर्थ कुठल्याही लिपीतला अंक. पूर्णांकाच्या टाइपला मात्र इंग्रजी अंकच लागतात. पॅटर्नमध्ये इंग्रजी शून्य ते नऊ स्पष्ट लिहा. कमाल लांबीही जपून ठरवा: ‘सोलापूर’ डोळ्यांना चार अक्षरं, एक्सएसडी काना-मात्रा वेगळ्या धरून सात मोजतो.

आणि दोन्ही तपासण्या ठेवणार असाल तर एक्सएसडी आधी. वजनात ‘४९० किलो’ असा मजकूर आला तर स्कीमाट्रॉन ‘वजन जुळत नाही’ म्हणतं, आणि माणूस वजनकाटा तपासत बसतो.