तिसरीतली भाची धडा घडाघडा म्हणते, पण वाचता येत नाही. चूक नेमकी कुठे होतेय?

रानजाई:
नमस्कार मंडळी, जरा मोठं लिहितेय, सांभाळून घ्या.

दिवाळीत माहेरी गेले होते. भाऊ तालुक्याच्या गावी असतो, त्याची मुलगी तिसरीत, मराठी माध्यम. पोरगी एकदम चुणचुणीत. पुस्तक काढून बसली आणि अख्खा धडा न अडखळता म्हणून दाखवला, सगळ्यांनी कौतुक केलं. मी सहज मधल्याच एका ओळीवर बोट ठेवलं आणि म्हटलं, हे काय लिहिलंय गं, तर एकदम गप्प. मग वरच्या चित्राकडे बघून अंदाजाने काहीतरी सांगितलं. दुसऱ्या दिवशी स्टँडवर एसटीची पाटी दाखवली, 'फलटण' लिहिलेलं, तिने फ ओळखला, ल पण ओळखला आणि 'फळ' म्हणून मोकळी झाली. मला तर धस्सच झालं. प्रगतिपुस्तकात श्रेणी मात्र सगळीकडे चांगली.

घरात ज्याचं त्याचं मत. आई म्हणते पाटीवर मुळाक्षरं गिरवून घेत नाहीत ना आता, म्हणून हे. भाऊ म्हणतो नवीन अभ्यासक्रमच तसा आहे, येईल आपोआप. वहिनीला वाटतं सरळ इंग्लिश मीडियमला टाकावं. मला खरंच कळत नाहीये कुणाचं बरोबर.

आणि एक गोष्ट मनाला फार लागली. गेलं वर्षभर टीव्हीवर शाळांवरच चर्चा चाललीय, हिंदी पहिलीपासून हवी की नको, सीबीएसई पॅटर्न आणायचा का, वेळापत्रक कसं असावं. पण तिसरीतल्या पोराला वाचता येतं का, हा प्रश्न त्यात एकदाही ऐकला नाही मी. इथे कुणी शिक्षक असतील तर प्लीज सांगा.

दोनशिक्षकी:
ताई, मी जिल्हा परिषद शाळेत शिकवतो, सातपुड्याच्या बाजूला, सतरा वर्षं झाली. तुमची भाची एकटी नाही हे आधी सांगतो. असर म्हणजे 'प्रथम' संस्था घरोघरी जाऊन मुलांचं वाचन-गणित तपासते तो सर्व्हे, त्याच्या २०२४ च्या अहवालात देशभरच्या ग्रामीण भागातले आकडे आहेत, सरकारी शाळांमधल्या तिसरीच्या फक्त २३.४ टक्के मुलांना दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचता आला. २०२२ मध्ये हेच १६.३ होतं, म्हणजे कोरोनानंतर गाडी वर चढतेय, पण चारातली तीन पोरं अजून मागेच आहेत. असरवाले शाळेत नाही, घरी येऊन तपासतात, एकेका मुलासमोर कागद धरतात, अक्षर, शब्द, छोटा उतारा, गोष्ट, मूल जिथे अडलं तिथे त्याची पातळी. पाठ केलेला धडा तिथे चालत नाही. तुम्ही भाचीच्या पुस्तकात मधेच बोट ठेवलंत ना, तुम्ही तेच केलंत.

आता तुमच्या आईंच्या म्हणण्याबद्दल. पूर्वी अ पासून ज्ञ पर्यंत सगळी अक्षरं, मग बाराखडी, मग कुठे शब्द. मुलाला पहिला अर्थाचा शब्द वाचायला कित्येक महिने लागायचे आणि तोवर अर्धी पोरं कंटाळून जायची. आता अक्षरगट असतात, चार-पाच अक्षरं आणि त्यांच्यासोबत काना असं एकदम घ्यायचं, की लगेच मामा, काका असे शब्द तयार होतात आणि पोराला वाटतं आपण वाचलं. पद्धत चांगलीच आहे, मी वापरतो आणि गुण येतो. पण ती रोज, सलग, ठरलेल्या क्रमाने झाली पाहिजे, एक गट पक्का झाल्याशिवाय पुढचा घ्यायचा नाही. मधे आठ दिवस गेले की मागचं पुसलं जातं.

आणि आठ दिवस जातातच. आमच्याकडे दोन शिक्षक, चार वर्ग. एक जण प्रशिक्षणाला किंवा बीएलओच्या, म्हणजे मतदारयादीच्या कामाला गेला की चारही वर्ग एकाकडे. त्यात शालेय पोषण आहाराच्या नोंदी, युडायस म्हणजे शाळेची सरकारी ऑनलाइन माहिती, शिवाय कुठली तरी माहिती तातडीने आजच भरा, फोटो टाका. मग पहिलीच्या पोरांना काय देतो आपण, तर फळ्यावरचं उतरवा. पोरं सुंदर अक्षरात उतरवतात, बघणाऱ्याला वाटतं येतंय की. उतरवणं म्हणजे वाचणं नाही हो. मोठा वर्ग एका सुरात धडा म्हणतो त्यातही असंच होतं, न वाचणारं पोर आवाजात आवाज मिसळून जातं आणि वर्षभर सापडत नाही. तुमच्या भाचीचं हेच झालं असणार.

आमच्या पोरांची तर अजून एक तऱ्हा. घरी पावरी ही आदिवासी बोली बोलतात. पहिलीच्या पुस्तकातला शब्द अक्षरं जोडून वाचला तरी तो कशाचा आहे हेच त्यांना माहीत नसतं. मी आधी महिनाभर नुसत्या गप्पा मारतो, त्यांच्या बोलीत, माझ्या मोडक्या पावरीत, मग मराठीत. वरून कुणी विचारलं की अभ्यासक्रम मागे पडलाय म्हणतात.

कुंपणावरचा:
सर तुमच्याबद्दल आदर आहे पण मला वाटतं मूळ दुखणं ढकलपास आहे. आमच्या वेळी पहिलीत नापास व्हायची भीती होती म्हणून घरचेही बसायचे पोराला घेऊन. आता कोणी मागेच राहत नाही म्हटल्यावर कशाला कोण तपासेल. परीक्षा घ्या, नापास करा, आपोआप वाचायला लागतील.

दोनशिक्षकी:
दादा, पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा २०२३-२४ पासून आपल्याकडे परत सुरू झालीच आहे, नापास झालं तर पुन्हा परीक्षा, तीही नाही सुटली तर त्याच वर्गात. पण पोर पहिलीत अडलंय आणि तुम्ही त्याला पाचवीत पकडताय. मधल्या चार वर्षांत त्याला परिसर अभ्यासही कळला नाही, गणितातली शाब्दिक उदाहरणंही नाही, कारण सगळं वाचूनच करायचंय. आणि नापास झालं म्हणून त्याच वर्गात बसवलं तरी त्याला पाचवीचंच पुस्तक परत मिळणार, पहिलीची अक्षरं तिथे कोण शिकवणार? तपासायचं असेल तर दुसरीतच तपासा, वर्षातून तीनदा तपासा, पण ते शिक्षकाने पुढच्या आठवड्यात काय शिकवायचं हे ठरवायला. पोराला शिक्षा म्हणून नको.

अंकमावशी:
रानजाई, तुम्ही चर्चेबद्दल लिहिलंत ते वाचून मला २०१९ आठवलं. बालभारतीच्या दुसरीच्या गणितात एकवीसच्या जोडीने 'वीस एक' असं वाचायची पद्धत दिली होती, मंगला नारळीकर त्या विषय समितीच्या अध्यक्ष होत्या. केवढा गदारोळ झाला, विधानसभेत टिंगल झाली, मराठी बुडवायला निघालेत म्हणून. मी तेव्हा दुसरीला शिकवत होते आणि मला एवढंच सांगायचं होतं की एकदा वर्गात येऊन बसा. पंचवीस म्हटलं की पोर आधी पाच ऐकतं आणि ५२ लिहितं. एकोणतीस म्हटलं की तीस ऐकू येतं, लिहायचं असतं २९. आपण बोलतो एकक आधी आणि लिहितो दशक आधी, या गोंधळात कितीतरी पोरं वर्षभर अडकतात. शेजारी कानडीत बघा, इप्पत्तोंदु, म्हणजे सरळ वीस एक. माझ्या वर्गात ज्यांना 'वीस पाच' सांगितलं त्यांना लिहिणं आधी जमलं आणि पंचवीस हा शब्दही सगळ्यांना आला, कुठे गेला नाही तो.

पद्धत पटो न पटो, तो वेगळा वाद आहे. पण दुसरीतलं पोर कुठे अडतं यावर त्या गदारोळात कुणीच बोललं नाही याचं मला अजून वाईट वाटतं. २०२५ मध्ये तिसऱ्या भाषेचंही तेच झालं. १६ एप्रिलला पहिलीपासून हिंदीचा निर्णय आला, मग त्यात १७ जूनला बदल, मग २९ जूनला दोन्ही मागे घेतले आणि अर्थतज्ज्ञ नरेंद्र जाधवांची समिती नेमली. माझं मत विचाराल तर मागे घेतले ते योग्यच झालं, पण मला त्यात मराठीच्या अभिमानापेक्षा तासिका दिसतात. पहिलीपासून इंग्रजी आपण २००० मध्ये आणली, तेव्हाच मराठी वाचनाच्या वेळेला कात्री लागली. आता तिसरी भाषा आली असती तर तो तास कुठून काढणार होतो, हे मला कुणीच सांगू शकलं नाही. लिपी एकच आहे, सोपं जाईल असं म्हणणारे खूप भेटले. अहो ती लिपीच अजून आलेली नाहीये ना पोराला!

जुना केंद्रप्रमुख:
निवृत्त आहे, दोनच गोष्टी सांगतो. निपुण भारत या केंद्र सरकारच्या वाचन-गणिताच्या मोहिमेत तिसरीच्या शेवटी मिनिटाला किमान ६० शब्द वाचता आले पाहिजेत असं लक्ष्य आहे. हेतू चांगला, नाही म्हणत नाही. पण मराठीत प्रत्यय शब्दाला चिकटतात. 'झाडाखालच्या' हा आपला एक शब्द, हिंदीत त्याचे 'पेड के नीचे वाले' असे चार मोजले जातात. मग मिनिटाला ६० मोजताना आपल्या पोराला जास्त अक्षरं ओढावी लागतात, हे कागदावर कुठे दिसत नाही. शिक्षक मग घड्याळ लावून पोरांना पळवतात आणि पोरं वाचायच्या ऐवजी अंदाज मारायला शिकतात, तुमच्या भाचीचं फलटणचं फळ झालं तसं.

दुसरी गोष्ट, अडण्याच्या जागा ठरलेल्या असतात. पहिली वेलांटी डोळ्याला अक्षराच्या आधी दिसते आणि तोंडात नंतर येते, म्हणून 'दिवा' वाचताना पोर थबकतं. मग रफार, मग जोडाक्षरं. भाचीला तपासा, नुसता काना असलेले शब्द येतात का, मग वेलांटीचे, मग उकाराचे, मग मात्रेचे. जिथे अडेल तिथूनच सुरू करा, तिसरीचं पुस्तक दोन महिने बाजूला ठेवलं तरी काही बिघडत नाही. आणि शाळा बदलायची घाई नको, मराठीतलाच शब्द वाचता येत नसेल तर इंग्रजी माध्यमात फक्त पाठांतर वाढेल.

रानजाई:
सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री व्हिडिओ कॉलवर वहिनीला बसवून तपासलं. काना येतो. दुसरी वेलांटी येते. पहिल्या वेलांटीला अडली, 'चिमणी' ला 'चमणी' म्हणाली, 'किती' ला नुसतं 'कती', आणि मात्रा तर अजिबातच नाही. म्हणजे पहिलीतच कुठेतरी सुटलंय आणि दोन वर्षं कुणाच्या लक्षात आलं नाही, आमच्याही नाही. भावाला सांगितलं तर आधी चिडला, मग बराच वेळ गप्प बसला. वर्गशिक्षिकेशी बोलणार आहे तो सोमवारी, तक्रार म्हणून नाही, पोर कुठे अडलंय एवढंच सांगायला.

दोनशिक्षकी सर, घरी रोज किती वेळ घ्यायचा? आणि वाचायला काय द्यायचं, पहिलीचं पुस्तक काढलं तर ती म्हणते हे बाळांचं आहे.

दोनशिक्षकी:
वीस मिनिटं बास, पण रोज. पुस्तक नका देऊ, लाजेल ती. तिच्याच तोंडचं वाक्य वहिनींनी मोठ्या अक्षरात कागदावर लिहायचं, आज शाळेत काय झालं, मांजरीने काय केलं, आणि तेच तिने बोट ठेवून वाचायचं. मग त्यातले शब्द कापून उलटसुलट करायचे म्हणजे पाठांतर चालणार नाही. पहिल्या वेलांटीचे शब्द आठवडाभर, मात्रा पुढच्या आठवड्यात. स्टोरीवीव्हर या मुलांच्या गोष्टींच्या वेबसाइटवर मराठीत पहिल्या पातळीच्या चित्रगोष्टी फुकट आहेत, एका पानावर एक-दोन ओळी, त्यातल्या तिला आवडतील त्या मोबाईलवर दाखवा, पण चित्र आधी हाताने झाका, ओळ वाचून झाली की हात काढा.

महिन्याने इथेच कळवा, काय येतंय ते.