मदत हवी आहे: आधी ध्यान की आधी व्यायाम?

मंडळी, मागच्या महिन्यात इगतपुरीला विपश्यनेचा १० दिवसांचा कोर्स करून आलो, आता घरी सकाळ संध्याकाळ एकेक तास बसायला सांगितलंय पण माझं आधीपासून पहाटे पर्वती चढणं आणि १२ सूर्यनमस्कार चालू आहेत, बीपीची गोळी पण आहे, आणि ८ ची लोकल चुकवून चालत नाही. आधी बसलो तर सरळ डुलक्या लागतात, बायको म्हणते घोरत होतात! चढून आल्यावर बसलो तर घाम, धडधड आणि डोक्यात फक्त पोहे. मधे शवासन केलं तर तिथेच झोप. तुम्ही दोन्ही कसं जमवता? मधे किती वेळ सोडता? गुडघे आखडतात म्हणून खुर्चीवर बसलं तर चालेल ना?