मदत हवी आहे: काकांच्या कॅसेटी, इटलीला गेलेले सैनिक आणि एक न उलगडलेली ‘बोट’

माणदेशी

नमस्कार मंडळी. जरा लांबण लागणार आहे, सांभाळून घ्या.

माझे काका शाळामास्तर होते. १९८० च्या आसपास त्यांना एक नाद लागला. रविवारी एसटीने साताऱ्याकडच्या एखाद्या गावी जायचं, दुसऱ्या महायुद्धात मराठा लाइट इन्फन्ट्रीतून परदेशी लढून आलेल्या म्हाताऱ्यांना गाठायचं आणि टेप लावून बोलतं करायचं. काका गेले, काकूंनी ट्रंक माझ्याकडे पाठवली. त्यात २३ कॅसेटी, एक वही आणि एक स्पूल निघालं. स्पूलवर ‘डिसें. ७१, बातम्या’ एवढंच लिहिलंय. तेव्हा काका परळला राहायचे. रेडिओसमोर माइक धरून आकाशवाणीची युद्धाची बातमीपत्रं टेप केली, असं ते सांगत. काकू म्हणतात, त्यात त्यांचाही आवाज आहे, ‘अहो, ब्लॅकआउट आहे, दिवा मालवा आधी’. वाजवायला मशीन नाही, त्यामुळे मी अजून ऐकलेलं नाही.

घाईत एक चूक केली. दोन कॅसेटी शहरातल्या एका दुकानात डिजिटल करायला दिल्या. त्याने ‘आवाज साफ करून’ एमपीथ्री दिली. साफ म्हणजे इतका साफ, की म्हातारबुवा विहिरीतून बोलतायत असं वाटतं. मधले थांबे कापून टाकलेत आणि एक टेप तुटली, ती सेलोटेपने चिकटवून परत केली. वर म्हणे, ‘काका फार अडखळत होते, मी फ्लो नीट केला.’

उरलेल्यांपैकी सहा कॅसेटींवर पांढरी बुरशी दिसते. या घरच्या घरी कशा वाचवाव्यात?

दुसरी अडचण ऐकण्यातली आहे. हे लोक गावांची नावं आपल्या जिभेला वळतील तशी घेतात. ‘सांगरू’ नावाची नदी तिघांच्या बोलण्यात येते, पुरासकट. आणि कॅसेट १४ वरचे आजोबा सांगतात, की ‘फिरंजे’च्या अलीकडे एका वाड्यात त्यांचा मुक्काम पडला. तिथे भिंतीला टेकवून ठेवलेली घराएवढी चित्रं होती, एकात फुलांतून चालणाऱ्या बाया. तेवढ्यात ‘रेडिओवाला गोरा साहेब’ आला आणि ‘बोटी, बोटी’ ओरडत खोल्यांतून पळायला लागला. मग त्या चित्रांवर पहारा बसला. वहीत काकांनी समोर लिहिलंय: ‘थाप? बोट कुठली?’ तिथे बोट चालेल एवढं पाणी होतं का?

चुंबकफीत

आधी बुरशीचं. त्या सहा कॅसेटी प्लेअरमध्ये अजिबात लावू नका. बुरशी हेडवर (टेप वाचणाऱ्या भागावर) जाते आणि पुढच्या चांगल्या कॅसेटीलाही लागते. वेगळ्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवा, पूर्ण सुकू द्या. बुरशी कोरडी झाली की मास्क लावून, घराबाहेर बसून मऊ, धागे न सुटणाऱ्या कापडाने पुसायची. ओलं फडकं नको. कवच खराब असेल तर पाच स्क्रूवाली रिकामी कॅसेट घ्या आणि टेपची दोन्ही चाकं त्यात हलवा. सेलोटेपचा डिंक पाझरतो, तो जोड काढून स्प्लायसिंग टेपने (फीत जोडायच्या खास चिकटपट्टीने) करा.

सगळ्यात आधी कॅसेटीच्या पाठीवरच्या दोन्ही चिपा तोडा. नातवाने चुकून रेकॉर्डचं बटण दाबलं तर इटली गेली.

डेक बरा घ्या, डॉल्बी (खरखर कमी करायची सोय) बंद ठेवा. आवाज बोदा येत असेल तर हेडचा ॲझिमथ स्क्रू (हेडचा तिरपेपणा बदलणारा) किंचित फिरवून ‘स’ आणि ‘श’ खणखणीत होतात का बघा. दर कॅसेटीला हे वेगळं करावं लागतं, कंटाळा करू नका. फाइल डब्ल्यूएव्ही (आवाज न दाबता साठवणारी), २४ बिट, ९६ किलोहर्ट्झ. तासाला साधारण २ जीबी होतील, होऊ द्या. या फाइलवर कसलीही सफाई नको. सफाई करायचीच तर प्रतीवर.

स्पूल घरी वाजवू नका. नाकाशी धरा, व्हिनेगरसारखा वास आला तर ॲसिटेटची फीत आहे, ती खराब होत चाललीय आणि घाई करायला हवी.

तोफखाना_निवृत्त

सांगरू म्हणजे इटलीतली सांग्रो नदी. नोव्हेंबर १९४३, ८वी इंडियन डिव्हिजन. पावसाने नदी फुगून पूल वाहून गेले होते, तेव्हा पूर खरा. फिरंजे म्हणजे फिरेन्झे, आपण फ्लॉरेन्स म्हणतो ते.

आता कॅसेट १४. माणदेशी, खुर्चीत नीट बसा. वाडा म्हणजे माँतेगुफोनीचा किल्ला, फ्लॉरेन्सच्या नैर्ऋत्येला. बॉम्बपासून वाचवायला फ्लॉरेन्सच्या उफ्फिझी संग्रहालयातली चित्रं तिथे आणून ठेवली होती. १९४४ च्या उन्हाळ्यात मराठ्यांची पलटण तिथे असताना बीबीसीचे युद्धवार्ताहर विनफर्ड वॉन-थॉमस आणि लेखक एरिक लिंकलेटर तिथे पोचले, आणि चित्रं ओळखून अक्षरशः नाचले. फुलांतल्या बाया म्हणजे ‘प्रिमाव्हेरा’ हे चित्र. चित्रकाराचं नाव मोठ्याने म्हणून बघा: बोटिचेल्ली.

लिंकलेटरांनी हा प्रसंग लिहून ठेवलाय, पण तो साहेबांच्या बाजूने. पहाऱ्यावरच्या शिपायाच्या तोंडून मी तरी कधी ऐकला नाही. काकांची वही जपा. कोण, कुठलं गाव, कुठली पलटण, कुठल्या दिवशी बोलले, हे नसेल तर नुसता आवाज उरतो. बर्लिनजवळच्या छावणीत पहिल्या महायुद्धातल्या हिंदी कैद्यांचे आवाज जर्मनांनी तबकड्यांवर घेतले, तेव्हा प्रत्येकाची माहिती फॉर्मवर भरली होती. म्हणून शंभर वर्षांनी त्यांची घरं शोधता येतात.

कोकणी_फणस

तुमच्या काकांनी थाप म्हणून ती कॅसेट पुसली नाही, हे केवढं!

माणदेशी

दोन दिवस बोलायला सुचलं नाही. काकूंना फोनवर सांगितलं, त्या म्हणाल्या, ‘आता वहीतलं ते प्रश्नचिन्ह खोड.’ खोडलं नाही. शेजारी पेन्सिलीने तारीख घालून उत्तर लिहिलं.

मूळ कॅसेट १४ (बुरशी नाही) ओळखीच्यांच्या डेकवर पुन्हा उतरवली. दुकानदाराने कापलेल्या जागी पाऊण मिनिट निघालं. आजोबा आठवतायत, मागे कोंबडा ओरडतोय, मग म्हणतात, ‘बोटी... बोटी-चे... पुढचं काय ते ऱ्हायलं.’

चुंबकफीत, स्पूलला वास येत नाही. पुण्यात चालू स्थितीतलं मशीन कुणाकडे आहे?