शेळ्या दिसल्या की कारवानी कुत्री आवरत नाही, काय करावे?

विश्रामबागकर

नमस्कार. आम्ही सांगलीत विश्रामबाग भागात राहतो. आमच्याकडे नऊ महिन्यांची कारवानी कुत्री आहे. मामांनी ती जत तालुक्यातील एका मेंढपाळ कुटुंबाकडून आणली. घरात ती इतकी शांत असते की पाहुण्यांना ती असल्याचे कळतही नाही, परंतु फाटकाबाहेर पाऊल पडताच दोरी ताणून मला फरफटत नेते. गेल्या आठवड्यात देवळातून परतणाऱ्या एका आजींच्या अंगावर तिने उडी घेतली. लाडानेच घेतली, पण हातातील तबक रस्त्यावर सांडले आणि आजी कशाबशा सावरल्या. मी क्षमा मागितली, तरी तेव्हापासून त्या आम्हाला पाहून रस्ता ओलांडतात. शेळ्यांचा कळप दिसला तर तिला माझी हाकच ऐकू येत नाही. दोरीला हिसके देऊन पाहिले, रागावून पाहिले. ओढ उलट वाढली. या जातीला रस्त्यावरची शिस्त लागू शकते का?

कृष्णाकाठ

लागते, मात्र कारवानी हे वासापेक्षा नजरेवर शिकार करणारे कुत्रे आहे, हे आधी ध्यानात घ्यावे. दूरवर काही पळताना दिसले की त्यामागे सुटायचे, हेच काम माळरानावर पिढ्यान्‌पिढ्या त्याच्याकडून करून घेतले गेले. शेळ्या दहा पावलांवर आल्यावर तुम्ही हाक मारता, तेव्हा ती तुमचा शब्द मोडत नसते. त्या क्षणी तिच्यापुरते जगात दुसरे काही उरलेलेच नसते. म्हणून शेळ्या दिसत आहेत, पण ती अजून तुमच्या हातातला खाऊ घेते आहे, इतक्या अंतरावर शिकवणी सुरू करावी. आमच्या कुत्र्यासाठी हे अंतर सुरुवातीला एका मैदानाच्या रुंदीएवढे होते. त्याने शेळ्यांकडे पाहिले की मी हलकेच ‘छान’ म्हणत असे आणि माझ्या गुडघ्याजवळ उकडलेल्या चिकनचा नखाएवढा तुकडा धरत असे. काही दिवसांनी शेळ्या दिसताच तो आपण होऊन माझ्याकडे वळू लागला. तेव्हाच मी आणखी चार पावले पुढे सरकलो. खाऊ नाकारला, तर आपण फार जवळ आलो असे समजून निमूटपणे मागे फिरावे.

दोरी ताणली की खांबासारखे उभे राहावे आणि ती सैल झाली की चालू लागावे. पहिल्या दिवशी विजेच्या दोन खांबांमधले अंतर कापायला मला पंधरा मिनिटे लागली आणि शेजाऱ्यांची फुकटात करमणूक झाली. घरातील प्रत्येकाने हाच नियम पाळावा, नाहीतर कोणासोबत ओढले तर चालते एवढेच ती शिकेल.

माणूस समोरून येत असेल तर आधीच कडेला होऊन तिला बसवावे आणि आपण मध्ये उभे राहावे. लांबून ‘काही करत नाही हो ती’ असे ओरडल्याने घाबरलेल्या माणसाचा जीव भांड्यात पडत नाही. तुम्ही दोरी आखडून घेतलेली दिसली की पडतो.

माळावरचा

आमच्या वाडीत कुत्री दोरीशिवाय बैलगाडीमागे चालत असत आणि एका दरडावणीत थांबत असत. खाऊ देऊन लाडावण्यापेक्षा दोन हिसके बरे, असे माझे स्पष्ट मत आहे.

कृष्णाकाठ

त्या कुत्र्यांना जन्मापासून शेळ्यांतच वावरायला मिळत होते, शिवाय वाडीत ऊस भरलेल्या ट्रॅक्टरांची रांगही नव्हती. हिसक्याने मानेला आणि श्वासनलिकेला इजा होऊ शकते. शेळी दिसली की मान दुखते, एवढेच कुत्र्याच्या मनात बसले, तर पुढे ते शेळीवर भुंकू लागते.

मिरज रोड

गळपट्ट्याविषयी कोणी लिहिले नाही. या जातीचे डोके मानेपेक्षा फार रुंद नसते, त्यामुळे साधा पट्टा मागे सरकताच डोक्यावरून निसटतो. ताण आला की ठराविक मर्यादेपर्यंतच आवळणारा मार्टिंगेल पट्टा किंवा अंगावर नीट बसणारा हार्नेस घ्यावा आणि गुंडाळीची लांबणारी दोरी गर्दीत वापरू नये. आणखी एक: आपल्या जनावरामुळे माणसाला धोका होऊ नये याची पुरेशी काळजी न घेतल्यास भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ नुसार ६ महिन्यांपर्यंत कारावास, ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते. आजी समंजस होत्या म्हणून निभावले.

तासगावची सून

खाऊचा विषय निघाला म्हणून लिहिते. आपल्याकडे घरोघरी डब्यात बेदाणे असतात आणि खिशात ठेवायला तेच सोयीचे वाटतात. द्राक्षे आणि बेदाणे कुत्र्यांना विषारी आहेत. थोड्याशा प्रमाणातही मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात आणि कोणत्या कुत्र्याला किती बाधतील हे आधी सांगता येत नाही. चुकून खाल्ले गेले, तर उलटी होण्याची वाट न पाहता लगेच पशुवैद्यांकडे न्यावे. फुटाणे किंवा पनीरचे बारीक तुकडे चालतात.

विश्रामबागकर

सर्वांचे आभार. बेदाण्यांचे वाचून धस्स झाले, कारण धाकटा तिला अधूनमधून दोन-चार देत असे. आता डबा वरच्या फळीवर ठेवला आहे. उद्यापासून कळपाची वेळ टाळून नव्हे, तर मैदानाच्या पलीकडच्या टोकाला उभे राहून सुरुवात करतो. आजींना आधी एकटाच जाऊन भेटेन आणि त्यांची तयारी असेल तरच, काही आठवड्यांनी, त्यांच्या फाटकाबाहेर तिला बसवून दाखवेन.