लायसन्सचं प्लास्टिक कार्ड अजून आलं नाही, बाबा विमानात बसायला तयार नाहीत

ढगातला_सातारकर | ३० ऑगस्ट

मंडळी, मी कॅलिफोर्नियात डब्लिनला राहतो आणि लिव्हरमोरच्या एअरपोर्टवर सेसना १७२ हे छोटं विमान चालवायला शिकलो. ९ जूनला चेकराइड, म्हणजे पायलटची शेवटची परीक्षा, पास झालो. एक्झामिनरने तिथल्या तिथे टेम्पररी लायसन्सचा कागद प्रिंट करून दिला, मी सही ठोकली, हात मिळवला, संपलं. कागदाची मुदत १२० दिवस, म्हणजे ७ ऑक्टोबर. पक्कं कार्ड ओक्लाहोमा सिटीहून पोस्टाने येतं. अकरा आठवडे झाले, रोज डबा उघडतो. पिझ्झाची कुपनं आणि दातांच्या डॉक्टरची जाहिरात, बास.

खरी भानगड घरात आहे. आई-बाबा एप्रिलपासून इथे आहेत, २६ सप्टेंबरला परत जाणार. बाबांनी सातारा डेपोत एकतीस वर्षं एसटी चालवली. त्यांना एकदा शेजारी बसवायचं, एवढ्यासाठी मी हा उद्योग लवकर उरकला. तर ते कागद बघून म्हणाले, "हे तर कच्चं लायसन्स. कच्च्या लायसन्सवर पॅसेंजर घेतात का?" मी म्हटलं, बाबा, टेम्पररी म्हणजे लर्निंग नव्हे. त्यांनी चष्मा लावून कागद दोन्ही बाजूंनी पाहिला. उंची, वजन, केसांचा रंग, डोळ्यांचा रंग, सगळं आहे. "फोटो कुठाय?" नाही. "मग हा तूच कशावरून?" याचं उत्तर मला देता आलं नाही. एवढं मात्र दिसलं की माझ्या नावाच्या मधल्या त्यांच्या नावावरून त्यांनी एकदा अंगठा फिरवला, मग घडी घालून परत दिला.

पुढच्या रविवारचं, ७ सप्टेंबरचं विमान बुक केलंय. दोन प्रश्न. एक, या कागदावर प्रवासी नेणं शंभर टक्के नियमात आहे ना? दोन, कार्डाला इतका वेळ लागतो का? १ ऑगस्टला आम्ही घर बदललं, त्या गडबडीत पोस्ट इकडेतिकडे झाली असेल का अशीही शंका आहे.

---

एडिसनकर_काका

अभिनंदन रे! पहिल्या प्रश्नाचं उत्तर: हो. टेम्पररी कागदावर पक्क्या कार्डाइतकेच अधिकार असतात. सोबत मेडिकल सर्टिफिकेट आणि फोटो असलेलं सरकारी ओळखपत्र ठेव, ड्रायव्हिंग लायसन्स चालतं. वडिलांचं फोटोबद्दलचं म्हणणं चुकीचं नाही. इथल्या पायलटच्या लायसन्सवर पायलटचा फोटो नसतोच, म्हणून तर वेगळं ओळखपत्र लागतं. गंमत म्हणजे प्लास्टिकच्या कार्डावर चित्र असतं, पण ते राइट बंधूंचं. माझं कार्ड आलं तेव्हा बायकोने विचारलं होतं, हे दोघे कोण, तुमचे इन्स्ट्रक्टर का!

आणखी एक. गेल्या ९० दिवसांत तीन टेकऑफ, तीन लँडिंग झालीत का? त्याशिवाय प्रवासी नेता येत नाही. चेकराइडची धरू नकोस, ७ सप्टेंबर म्हणजे बरोबर नव्वदावा दिवस, उगाच काठावर कशाला खेळायचं.

---

सरेची_सून

मला तर हेवाच वाटतोय. इथे ब्रिटनमध्ये टेम्पररी नावाचा प्रकारच नाही. स्किल टेस्ट पास झाले, घरी येऊन पुरणपोळी केली, आणि मग अर्ज करून बसले वाट बघत. लायसन्स निघेपर्यंत तुम्ही विद्यार्थीच. इन्स्ट्रक्टरने परवानगी दिली तर एकट्याने उडायचं, शेजारची सीट रिकामी. नवरा रोज विचारायचा, "पास झालीस ना नक्की?" तेव्हा तुमच्या बाबांना सांगा, साहेबाच्या देशात सुद्धा असा कागद मिळत नाही.

---

गोंदियाचा_गरुड

इकडे भारतात पण तसंच दादा. चेक झाला की ई-जीसीएवर, म्हणजे सरकारी विमान खात्याच्या पोर्टलवर, अर्ज, कागद चढवा, मग वाट बघा. आमच्या बॅचमध्ये पीपीएलच्या (प्रायव्हेट लायसन्सच्या) नादी फारसं कोणी लागत नाही, सगळे एसपीएलवरून (विद्यार्थी लायसन्स) सरळ सीपीएलला (कमर्शियल). आता २०२५ पासून इलेक्ट्रॉनिक लायसन्स सुरू झालंय, मोबाइलवर दिसतं. पण माझ्या आजीला मोबाइलवरचं पटणार नाही, तिला लॅमिनेट केलेलंच लागेल.

---

टेलड्रॅगर_तात्या

थांबा. पोराने शेवटच्या ओळीत काय लिहिलंय ते कोणी नीट वाचलं नाही.

१ ऑगस्टला घर बदललंस. एफएएला, म्हणजे इथल्या विमान खात्याला, नवीन पत्ता कळवलास का? कार्ड बाजूला ठेव, प्रश्न तुझ्या उडण्याचा आहे. पत्ता बदलल्यापासून ३० दिवसांत कळवायचं असतं. नाही कळवलं तर ३० दिवस उलटल्यावर लायसन्स वापरता येत नाही, कळवेपर्यंत. नियम ६१.६० वाच, जेमतेम एका परिच्छेदाचा आहे. तुझे तीस दिवस उद्या भरतात, आणि तू वडिलांना घेऊन उडणार ७ तारखेला. कागदाची मुदत शिल्लक, मेडिकल शिल्लक, लँडिंग झालेली, आणि तरी बेकायदा. हे रॅम्पवर, विमानं उभी असतात तिथे, कोणी तपासायला येणार नाही. पण काही झालं तर विम्यावाला पहिल्यांदा हेच काढेल.

दुसरं, एफएएच्या साइटवर एअरमेन इन्क्वायरी म्हणून आहे. तिथे स्वतःचं नाव शोध. प्रायव्हेट पायलट आणि इश्यूची तारीख दिसली, तर कार्ड निघालेलं आहे आणि बहुतेक जुन्या घरी पडलंय.

---

ढगातला_सातारकर

तात्या, साष्टांग नमस्कार. नव्हता कळवला.

लाज अशी वाटते की व्हिसावाल्यांना पत्ता दहा दिवसांत कळवावा लागतो, तो फॉर्म मी दुसऱ्या दिवशी भरला होता. बँक, विमा, इंटरनेट, कॉस्टको, सगळ्यांना कळवलं. ज्याच्यासाठी दोन वर्षं पैसे ओतले तेच डोक्यात आलं नाही. तुमचं वाचलं आणि चहा तसाच ठेवून लॅपटॉप उघडला. ऑनलाइन पत्ता बदलायला पाच मिनिटं लागली, त्यातली तीन पासवर्ड आठवण्यात गेली.

मग इन्क्वायरीवर नाव टाकलं. आहे! तारीख जुलैची आहे. म्हणजे कार्ड जुन्या घरी. तिथल्या ऑफिसात विचारलं, मॅनेजर बाईंनी खांदे उडवले. नवीन कार्ड मागवलंय, फी फक्त दोन डॉलर. या देशात दोन डॉलरला दुसरं काय मिळतं?

काका, लँडिंगचं बघितलं. १६ ऑगस्टला एकटा गेलो होतो, पाच झाली. एक मोजण्यासारखं नव्हतं, पण नियम गुळगुळीत उतरा असं म्हणत नाही.

---

एडिसनकर_काका

तात्यांना माझ्याकडून पण दंडवत. मी तो परिच्छेद वाचलाच नव्हता. आता वडिलांचं काय?

---

ढगातला_सातारकर | ८ सप्टेंबर

काल झालं!

त्यांना मी नियम वगैरे वाचून दाखवले, उपयोग शून्य. शेवटी ती इन्क्वायरीची स्क्रीन दाखवली. नाव, त्यांचं नाव, आडनाव, खाली इश्यूची तारीख. बराच वेळ बघत बसले. म्हणाले, "म्हणजे रजिस्टरला नोंद झालीय. मग कागदाचं काय, कागद ड्रायव्हरच्या खिशात भिजतात सुद्धा." एवढ्यावर विषय संपला! तीन महिने मी कार्डाची वाट बघत होतो, त्यांना डेपोचं रजिस्टर पाहिजे होतं.

हाफ मून बेला न्यायचं होतं, पण किनाऱ्यावर धुकं बसलेलं. मग पूर्वेला आल्टामाँटच्या घाटावरून बायरनपर्यंत जाऊन आलो. निघण्याआधी मी चेकलिस्ट धरून विमानाभोवती फिरत होतो, ते मागे हात बांधून माझ्या मागे. टाकीखालून इंधन नळीत काढून पाणी आहे का बघतात, ते त्यांना फार आवडलं. नळी उजेडात धरून स्वतः पाहिली. टायरला मात्र सवयीने लाथ मारलीच. वर गेल्यावर वीस मिनिटं एक शब्द नाही. पवनचक्क्या दिसल्या तेव्हा हेडसेटमधून आवाज आला, "चाळकेवाडी." बास. उतरताना वारा थोडा आडवा होता, त्यांचा उजवा पाय जमिनीवर ब्रेक शोधत होता. माझ्या बाजूला पेडल आहेत तशी त्यांच्याही बाजूला आहेत, म्हणून आधीच बजावून ठेवलं होतं की पाय मागे घ्या. घेतले होते, पण चप्पल हलत होती.

१.१ तास, २३१ डॉलर. घरी आल्यावर त्यांनी "डिझेलला" म्हणून २० डॉलर टेबलावर ठेवले. प्रवाशाने खर्चाला हातभार लावला तर दोघांत निम्मा वाटा माझा असायलाच हवा, एवढी अट. तेव्हा तात्या, हे नियमात बसतं, तुम्ही विचारायच्या आधी सांगतो.

आईचा नंबर पुढच्या शनिवारी आहे. ती म्हणते तिला रजिस्टर नको, खिडकी कुठली ते सांग.

---

टेलड्रॅगर_तात्या

बसतं. आईला उजवीकडे बसव, आणि कार्ड आलं की कळव.